लोखंड, कोळसा आणि कळमेश्वरचा पत्रा



मृग नक्षत्र जवळ आले की गावच्या लोहाराला उसंत मिळत नाही. कोणी वखराची पास घेऊन येतो, कोणी फाळ पाजवायला टाकतो, कोणाला विळ्याला पाणी द्यायचे असते. आता ट्रॅक्टर आले, तयार अवजारे बाजारात आली. तरी लोहाराची भट्टी अजून पुरती विझलेली नाही. त्याच दिवसांत घरोघर दुसरीही एक धांदल असते. गोठ्यावरचे पत्रे तपासायचे, गळका पत्रा बदलायचा आणि मगच पावसाची वाट पाहायची. फाळ आणि पत्रा, दोन्ही लोखंडाचेच. पण हे लोखंड येते कोठून? ते तयार कसे होते? आज आपण त्याविषयी थोडे बोलू.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. लोखंड हे कारखान्यात ‘बनत’ नाही. ते पृथ्वीच्या पोटात असतेच. मात्र ते तिथे प्राणवायूच्या म्हणजे ऑक्सिजनच्या मिठीत असते. भट्टीचे काम एवढेच की ही मिठी सोडवायची. आणि गंमत अशी की, एकदा सोडवलेले लोखंड पुन्हा प्राणवायूकडे धाव घेत असते. ओला विळा रात्रभर बाहेर राहिला तर सकाळी तांबूस दिसतो, तो गंज म्हणजे हीच परतीची वाट. तेव्हा लोखंडाच्या धंद्यात तीन कामे आली : पहिले सोडवण्याचे, दुसरे सुधारण्याचे आणि तिसरे राखण्याचे. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जे कळमेश्वर आहे, तिथे हे तिसरे काम चालते. पण तिथवर पोचण्यापूर्वी पहिली दोन पाहू.

आपल्या घराच्या भिंतीला खाली जो गेरूचा पट्टा ओढतात, तो गेरू म्हणजे लोखंडाचेच खनिज, मातीत मिसळलेले. त्याचा लाल रंग लोखंडाचा. शुद्ध खनिज, ज्याला हेमॅटाइट म्हणतात, ते १०० किलो घेतले तर त्यात ७० किलो लोखंड आणि ३० किलो प्राणवायू असतो. हा प्राणवायू नुसते तापवून सुटत नाही. त्याला लोखंडापेक्षा अधिक प्रिय असा कोणीतरी जोडीदार द्यावा लागतो. तो जोडीदार म्हणजे कर्ब, अर्थात कोळसा. धगीत कोळसा अर्धवट जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, आणि हा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेऊन निघून जातो. मागे लोखंड राहते. कोळसा भट्टीत केवळ सरपण म्हणून जळत नाही, तो प्राणवायू वाहून नेणारा हमालही आहे. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे जाते.

ही विद्या आपल्या भागाला नवी नाही बरे का! नागपूर जिल्ह्यात पारशिवनीजवळ नायकुंड नावाचे गाव आहे. तिथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. बाकदार मातीच्या विटांची ती भट्टी. जवळच भात्याची हवा आत नेणारी मातीची नळी आणि लोखंडाची मळी. विदर्भात दगडांची वर्तुळे रचून मृतांना पुरणारे जे लोक होते, त्यांची ही भट्टी. अडीच हजार वर्षांहून जुनी. त्या काळी लाकडी कोळसा वापरीत. भात्याच्या हवेने एवढी धग होत नसे की लोखंड वितळावे, कारण शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून खनिजातला प्राणवायू जाई, पण लोखंड घट्टच राही. मळीने भरलेला स्पंजासारखा गोळा हाती येई. तो तापलेला असतानाच ठोकायचा, मळी बाहेर काढायची आणि मग त्याची कुऱ्हाड, छिन्नी, घोड्याचा लगाम असे काही घडवायचे. मध्य भारतातले अगरिया लोक याच धर्तीच्या भट्ट्या विसाव्या शतकापर्यंत चालवीत होते.

आता मोठ्या कारखान्यातली भट्टी पाहू. तिला झोतभट्टी म्हणतात. आपल्या लोहाराचा भाता आठवा आणि तो हजारो पटींनी मोठा झाला आहे असे समजा. भट्टी सुमारे दहा मजली इमारतीएवढी उंच, आतून उष्णता सोसणाऱ्या विटांनी बांधलेली. वरून तीन वस्तू थरावर थर टाकीत राहायचे : लोहखनिज, कोक आणि चुनखडक. कोक म्हणजे दगडी कोळसा हवेवाचून भाजून त्यातला धूर-डांबर काढून टाकलेला टणक, सच्छिद्र कोळसा. खालच्या बाजूने नळ्यांतून हजार-बाराशे अंश तापलेल्या हवेचा झोत आत सोडतात. जिथे झोत कोकवर आदळतो तिथे उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते.

मग काय होते? कोक जळून निघालेला वायू वर चढतो, खनिज खाली उतरत असते. वाटेत दोघांची गाठ पडते आणि खनिजाचा प्राणवायू निघून जातो. लोखंड खाली येता येता कोकमधला थोडा कर्ब पिऊन घेते, सुमारे चार टक्के. कर्ब मिसळला की ते बाराशे अंशांच्या आसपासच पातळ होते. त्यामुळे ते पाण्यासारखे तळाशी साचते. खनिजातली माती आणि वाळू चुनखडकाशी एकजीव होऊन मळी बनते आणि लोखंडावर तरंगते, जसा दुधावर सायीचा थर. दोन्ही वेगवेगळ्या तोंडांनी काढून घेतात. एक टन लोखंडासाठी सुमारे दीड ते पावणेदोन टन खनिज आणि अर्धा टन कोक-कोळसा लागतो. मळीही वाया जात नाही. ती दळून सिमेंटमध्ये घालतात. ‘स्लॅग सिमेंट’ असे लिहिलेली पोती तुम्ही पाहिली असतील, त्यातली स्लॅग म्हणजे हीच मळी. अशी भट्टी एकदा पेटली की दिवसरात्र चालते आणि दहा-पंधरा वर्षे विझवीत नाहीत.

पण झोतभट्टीतून निघालेले हे लोखंड म्हणजे बीड. ते ओतता येते, ठोकता येत नाही. घण घातला की तडकते. कारण काय? पोटात कर्ब फार झाला. म्हणजे ज्या कर्बाने लोखंडाला सोडवले, तोच आता अडचण होऊन बसला. तो कमी करणे हे दुसरे काम. १८५६ साली इंग्लंडात हेन्री बेसेमर याने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून कर्ब जाळून दाखवला. पुढे हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरण्याची रीत ऑस्ट्रियात १९५२ साली सुरू झाली, आणि आपल्याकडे राउरकेला येथे १९५९ साली आली. मोठ्या घागरीसारख्या पात्रात शंभर-दीडशे टन बीड आणि थोडे भंगार घालतात, वरून नळीने प्राणवायूचा झोत मारतात. पंधरा-वीस मिनिटांत जास्तीचा कर्ब जळून जातो. वरून एक काटकीही जाळावी लागत नाही, कारण कर्ब जळतानाच पुरेशी धग देतो. राहते ते पोलाद.

पोलादाचा सारा गुण त्या उरलेल्या चिमूटभर कर्बावर असतो. शेकडा दशांश एक-दोन एवढाच कर्ब असेल तर पोलाद नरम. त्याचा पत्रा लाटता येतो, तार ओढता येते. शेकडा अर्ध्याच्या वर गेला तर पाणी दिल्यावर धार धरते. आपला लोहार विळ्यासाठी मोटारीच्या कमानीचा जुना पाटा का शोधतो, ते आता ध्यानात येईल. त्या पाट्यात कर्ब पुरेसा असतो. साध्या सळईला कितीही वेळा पाणी पाजले तरी ती धार धरणार नाही. सहाणेवर घासताना ठिणग्या पाहूनही जाणता लोहार ओळखतो : फुलबाजीसारख्या फुटल्या तर कर्ब जास्त, सरळ रेघा गेल्या तर कमी.

या सुधारणीच्या कामात आपल्या नागपूर जिल्ह्याचाही वाटा आहे. मनसर, कांद्री, गुमगाव इथल्या खाणींतून मँगनीज निघते. कोळशातून लोखंडात गंधक शिरतो, आणि असे लोखंड तापवून ठोकले की फुटते. मँगनीज त्या गंधकाला स्वतःकडे बांधून घेते आणि पोलाद चिवट करते. मँगनीजवाचून पोलादाचा कारखाना चालत नाही.

आता कोणी विचारील, मँगनीज आमचे, लोहखनिज आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, दगडी कोळसाही आमचा. मग देशातला पहिला मोठा कारखाना आमच्याकडे का झाला नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या हमालात, म्हणजे कोळशात आहे.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली. १८८२ साली त्यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असे त्यात होते. जमशेटजींनी नमुने जर्मनीला नेऊन तपासून घेतले. खनिज चांगले, पण वरोऱ्याचा कोळसा कामाचा निघाला नाही. झोतभट्टीत वरून शेकडो टन ओझे पडत असते. त्या ओझ्याखाली चुरा न होणारा कोक हवा. आणि तसा कोक आपल्या वर्धा खोऱ्याच्या कोळशाचा होत नाही. तो चुलीला चालतो, वीजघराला चालतो, झोतभट्टीला चालत नाही.

पुढे १९०४ च्या सुमारास जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चांद्याच्या जंगलात पुन्हा हिंडले. मोठा कारखाना पोसेल एवढा साठा त्यांना एका जागी आढळला नाही. हा बेत सोडल्याचे सांगायला दोराबजी नागपूरला चीफ कमिशनरांकडे गेले. भेटीला अवकाश होता म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा होता, आणि त्यावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण ठळक दिसत होती. तेथून त्यांनी धल्ली-राजहराचा डोंगर गाठला. खनिज अप्रतिम! पण कोक देणारा कोळसा फार दूर. एवढ्यात प्रमथनाथ बोस यांचे पत्र आले की मयूरभंज संस्थानात खनिज आहे, आणि तिथून बंगाल-बिहारचा कोळसा जवळ. कारखाना तिकडे, साकची गावी झाला. तेच आजचे जमशेदपूर. १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली पोलाद निघाले. जमशेटजी मात्र ते पाहायला नव्हते; ते १९०४ मध्येच वारले होते.

धल्ली-राजहराचे खनिजही पडून राहिले नाही. सोव्हिएत रशियाच्या मदतीने भिलाई येथे कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तोवर रेल्वेचे जाळे वाढले होते, कोळसा दुरून आणणे परवडू लागले होते.

मग आपला कोळसा कायमचाच नापास का? नाही. नायकुंडच्या भट्टीत लोखंड वितळत नव्हते, आठवते ना? तीच रीत नव्या रूपाने परत आली आहे. लांबलचक आडवी नळी, किंचित उतरती, सावकाश फिरणारी. तिच्यात खनिज आणि साधा दगडी कोळसा घालून सुमारे हजार अंशांवर तापवतात. वितळू देत नाहीत. प्राणवायू निघून जातो आणि भोकाभोकांचे ‘स्पंज लोखंड’ मिळते. इथे उंच थराचे ओझे नाही, म्हणून कोकची गरज नाही. या प्रकारच्या लोखंडात भारत आज जगात पुढे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्गुस येथे ते तयार होते, आणि गडचिरोलीच्या सुरजागडच्या डोंगरातून खनिज निघते. त्या डोंगरावर तिथल्या आदिवासींचा ठाकूरदेव आहे, तिथे यात्रा भरते. तेव्हा खनिज किती न्यायचे आणि गावाला काय मिळायचे, हा हिशेब नुसता टनांचा नाही, हेही आपण विसरू नये.

स्पंज लोखंड आणि भंगार विजेच्या भट्टीत वितळवून पोलाद करतात. जालन्याला अशा भट्ट्या पुष्कळ आहेत. घराच्या स्लॅबमधली सळई तिथलीही असू शकेल. गावोगाव फिरणारा भंगारवाला मोडका फाळ नेतो तो याच वाटेने जातो. तुमची मुले अशा भट्ट्यांवर कामाला जात असतील तर त्यांना दोन गोष्टी अवश्य सांगा. ओले भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा वितळलेल्या धातूत कधी टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होऊन धातू अंगावर उडतो. आणि भट्टीतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोके जड झाले की थांबायचे नाही, ताबडतोब मोकळ्या हवेत यायचे.

आता कळमेश्वरकडे वळू. इथे १९८० च्या दशकात निप्पॉन डेन्रो इस्पात या कंपनीने पत्र्याचा कारखाना काढला. पुढे तिचे नाव इस्पात इंडस्ट्रीज झाले, आणि २०१० च्या अखेरीस ती जेएसडब्ल्यू समूहाकडे गेली. कळमेश्वरला खनिज वितळवीत नाहीत. कोकणात डोलवीसारख्या ठिकाणी पोलाद तयार होते, तापलेले असतानाच लाटले जाते आणि त्याची मोठमोठी वेटोळी करतात. अशी वेटोळी हा इथला कच्चा माल.

तापल्या पोलादाला हवा लागलेली असते, म्हणून त्यावर काळी खपली धरते. म्हणजे प्राणवायू परत आलाच! आधी आम्लाच्या टाकीतून पट्टी नेऊन ही खपली काढतात. मग थंड असतानाच अजस्र रुळांमधून दाबून पातळ करतात. दोन मिलिमीटरची पट्टी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ होते. दाबल्याने ती कडक होते, म्हणून हवा नसलेल्या भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. नंतर ती साडेचारशे अंशांच्या वर तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. बाहेर येताना हवेच्या झोताने जास्तीचे जस्त निपटून काढतात. काही पत्र्यांवर पुढे रंगही भाजून बसवतात.

जस्त कशासाठी? कारण प्राणवायूशी जस्ताची लोखंडाहून अधिक सलगी आहे. पत्र्याला ओरखडा पडला आणि आतले लोखंड उघडे पडले तरी आधी जस्त झिजते, लोखंड वाचते. घरातला वडीलधारा मुलाबाळांच्या आधी स्वतः भिजतो, तसे. पण हे जस्त असते किती? पत्रा घेताना १२० किंवा २७५ असा आकडा विचारा. एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून तेवढे ग्रॅम जस्त, असा त्याचा अर्थ. १२० असेल तर एका बाजूचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही भरत नाही. २७५ असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त. नुसती जाडी आणि भाव पाहून पत्रा घेऊ नये. आणलेले पत्रे ओले असताना एकावर एक रचून ठेवू नयेत, पांढरी बुरशीसारखी झीज धरते. रासायनिक खताची पोती पत्र्याला टेकवू नयेत. गोठ्यात वारा खेळता ठेवावा, कारण मुतारीची वाफ जस्ताला खाते. पत्र्याला भोक पाडल्यावर लोखंडाचा भुगा झाडून काढावा.

एक गोष्ट राहिली. कोळसा प्राणवायू वाहून नेतो, पण तो नेऊन टाकतो कोठे? आकाशात. एक टन पोलादामागे जगाच्या सरासरीने सुमारे दोन टन कार्बन डायॉक्साइड हवेत जातो, आणि त्याने पृथ्वीची उष्णता वाढते. पावसाची लहर बदलली, ती शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून हमाल बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत. स्वीडनमध्ये २०२१ साली कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून सोडवलेल्या लोखंडाचे पोलाद तयार झाले. हायड्रोजनने प्राणवायू नेला की धूर होत नाही, पाण्याची वाफ होते. ही रीत अजून महाग आहे. तोवर भंगार पुन्हा वितळवणे आणि आहे ते लोखंड गंजू न देणे, हे आपल्या हातचे उपाय आहेत. दहा वर्षे टिकणारा पत्रा वीस वर्षे टिकवला, तर एक भट्टीभर कोळसा कोठेतरी वाचतोच.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात झोतभट्टी आणता येत नाही, पण आगकाडीवर लोखंड सोडवून दाखवता येते. चांगला लाल गेरू बारीक वाटून घ्या. कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्यावरून फिरवा. तो चिकटत नाही हे मुलांना पाहू द्या. लाकडी आगकाडीचे डोके आणि थोडी काडी पाण्याने ओली करून आधी धुण्याच्या सोड्याच्या पुडीत, मग गेरूत लोळवा. मेणबत्तीवर धरून काडी अर्धी जळू द्या आणि विझवा. जळका भाग थंड झाल्यावर बशीत चुरा आणि चुंबक पुन्हा फिरवा. आता काही काळे कण उडी घेऊन चिकटतील. काडीच्या कोळशाने गेरूतला प्राणवायू नेला! गेरू हलका असेल तर कण थोडे मिळतील, म्हणून आधी स्वतः करून पाहा, आणि आगीजवळ मुलांना एकटे सोडू नका. मग मुलांना विचारा : ही काडी आणि भिलाईची भट्टी यांत सारखे काय? उत्तर त्यांनाच शोधू द्या. जमले तर त्यांना एकदा कळमेश्वरच्या बाजूला नेऊन ती पत्र्याची वेटोळी लांबून तरी दाखवा.